यादी पाहून घ्यावी

महिना-दीड महिना इथे काही लिहिलं नाही. पुण्याच्या भाच्याने फोन करून विचारलं, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत अगदी ठणठणीत आहे. जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही यावर घरातच वाद चालला होता, म्हणून उशीर झाला. शेवटी जिचा हा विषय आहे तिनेच परवानगी दिली, पण दोन अटींवर. तिचं नाव लिहायचं नाही आणि तिच्या कॉलेजचंही नाही. नातेवाईक मंडळींना ती कोण हे कळेलच. कळलं तरी त्यांनी गप्प बसावं, ही माझी अट.

आमची नात उंद्रीहून रोज एस.टी.ने कॉलेजला जाते. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस होते. कुणाचा उत्पन्नाचा दाखला राहिला, कुणाचं बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नाही, अशा त्रुटी निघाल्या. कॉलेजच्या ऑफिसने त्रुटी असलेल्या मुलांची यादी केली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकली. गटात दोनशेच्या वर मुलं. यादीत अनुक्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात शेरा. खाली एक ओळ होती : "सर्वांनी यादी पाहून घ्यावी."

सर्वांनी पाहून घेतली!

आठ दिवसांत नातीला रात्री-अपरात्री फोन यायला लागले. आधी नुसते मिस कॉल, मग "हॅलो, ओळखलं का?" आणि मग जे लिहिण्यासारखं नाही ते. तिच्या वर्गातल्या एका मुलीला भर दुपारी फोन आला, "शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून बोलतो, तुमचा अर्ज अडकला आहे." समोरच्याने तिचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, खात्याचे आकडे सांगितले. एवढं सगळं माहीत असलेला माणूस खोटा कसा असेल? तिने ओटीपी सांगून टाकला. खात्यातले बेचाळीसशे रुपये गेले. बापाने सोयाबीनच्या फवारणीसाठी ठेवलेले पैसे होते ते. आता लोक म्हणतात, पोरगी शिकलेली असून फसली कशी. मी म्हणते, शिकलेली होती म्हणूनच यादीत होती!

आमच्या घरी काय झालं ते सांगते. माझा मुलगा तापट नाही, पण त्या रात्रीचा एक फोन त्याने स्वतः उचलला. सकाळी चहा घेताना म्हणाला, "आई, तू मधी पडू नको. पोरीचा फोन आजपासून घरी राहील. कॉलेजचं पुढच्या वर्षी पाहू, नाहीतर बाहेरून परीक्षा देईल."

पोरगी एक अक्षर बोलली नाही. दप्तर उचलून आत गेली.

या सगळ्यातलं मला सर्वात लागलं ते हेच. यादी केली ऑफिसने, पसरवली कुणी तरी, फोन केले कुणी तरी, आणि शिक्षा मात्र हिला. मी तिला विचारलं, "मुलांचे नंबरही होते ना यादीत? त्यांचं काय झालं?" म्हणाली, "काही नाही आजी. एक-दोघांनी सिम बदललं." आणि मुलींचं? चौघींचं येणं बंद झालं होतं. दोघी पुढे परत आल्या. बाकी दोघींचं काय झालं ते तिला माहीत नाही. फुटलेल्या माहितीचा हिशोब सगळ्यांना सारखा लागत नाही, हे मला सत्तरीनंतर असं घरातच कळलं.

मुलाला सांगितलं, दोन दिवस थांब, मी कॉलेजात जाऊन येते.

गेले. ऑफिसात जो यादी करणारा होता तो निघाला माझाच जुना विद्यार्थी. कंत्राटावर आहे. मला पाहून उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. भांडायला गेलेल्या मास्तरणीची मोठी पंचाईत होते अशा वेळी. त्याच्या टेबलावर एकच कॉम्प्युटर. विद्यापीठाचं एक पोर्टल, शिष्यवृत्तीचं दुसरं, प्रवेशाचं तिसरं. सगळ्यांचे पासवर्ड एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला. मी चष्मा न लावताही वाचू शकले असते.

म्हटलं, "अरे, ही यादी अशी कशी टाकली?"

"बाई, यादी नाही टाकली तं पोरं दुरुस्तीच करत नाहीत. शेवटची तारीख निघून गेली की पैसे बुडतात अन् मंग बोंब माह्याच नावानं. मी प्रत्येकाला फोन कधी करू? पोर्टलवरून एक्सेल उतरवली, तशीच टाकली. रकाने खोडत बसलो असतो तं रात्र झाली असती."

खोटं बोलत नव्हता. त्याला हे काम कुणी शिकवलेलंच नाही. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, असं एक वाक्य त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा मला माझा बी.ए.चा निकाल आठवला. १९७२ साल. आमचं कॉलेज तेव्हा नागपूर विद्यापीठात होतं (अमरावतीचं विद्यापीठ झालं १९८३ ला). निकाल नागपूरच्या वर्तमानपत्रात छापून यायचा. बारीक टायपात नुसते परीक्षा क्रमांक; पहिल्या श्रेणीचे वेगळे, दुसरीचे वेगळे, तिसरीचे वेगळे. नाव कुणाचंच नाही. वडील स्टँडवर पेपर घेऊन उभे, बोटाने एकेक आकडा पाहत होते. नंबर सापडला तेव्हा ते हसले, आणि पेपर घडी करून खिशात टाकला. आजूबाजूला दहा माणसं तोच पेपर पाहत होती, पण माझा नंबर कोणता हे आम्हा बापलेकींनाच ठाऊक. ज्यांचा नंबर आला नाही ते चुपचाप घरी जायचे. संध्याकाळपर्यंत गावाला कळायचंच म्हणा, गाव आहे ते! पण निदान छापून तरी कुणी सांगत नव्हतं. लग्नाच्या वयाच्या मुलीचं नाव पेपरात येणं माझ्या वडिलांना चाललंच नसतं. नुसता नंबर चालला, म्हणून मी शिकले.

मी त्या पोराला म्हटलं, "नाव कायला पाहिजे? अर्जाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे टाक आणि समोर काय कमी आहे ते टाक. ज्याचं त्याला कळेल."

तो थोडा वेळ पाहत राहिला. म्हणाला, "बाई, हे तं सोपं हाय."

सोपंच आहे. पुढची यादी त्याने तशी लावली. मुलांनी कुरकुर केली की आम्हाला आमचा अर्ज क्रमांक पाठ नाही. माझा बी.ए.चा नंबर मला अजून पाठ आहे, पण इथे लिहीत नाही.

येताना एस.टी.त खिडकीशी बसले आणि मनात आलं, तू कुठली मोठी शहाणी? ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नोकरी लागून आठ-दहा वर्षं झाली होती. वर्गशिक्षिका होते. सवलतीचे फॉर्म भरायचे असले की आम्ही सगळेच वर्गात उभं राहून म्हणायचो, "बी.सी.वाले उभे राहा." मग "ई.बी.सी.वाले उभे राहा." मोजून नावं लिहायची, पाच मिनिटांत काम. एका वर्षी एक मुलगी उभीच राहिली नाही. हुशार होती, शांत होती. मला वाटलं नसेल सवलतीत, मी पुढे गेले. तिचं नाव यादीत गेलं नाही, त्या वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली. बाप मजुरी करणारा. तो विचारायला आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलीला बाजूला घेऊन रागावले, "तू उभी का नाही राहिलीस?" तर म्हणाली, "बाई, उभं राह्यलं की बाजूच्या पोरी सरकून बसतात."

त्यानंतर मी एकेकाला मधल्या सुट्टीत टेबलाशी बोलावून विचारायला लागले. वेळ जास्त लागायचा. पण ते नंतर. त्या मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच. मी कॉम्प्युटर पाहिलेलाही नव्हता तेव्हा, तरी माझ्याकडून माहिती फुटलीच होती. तोंडाने फुटली होती, एवढंच.

म्हणून "पूर्वी सगळं कसं कपाटात कुलूपबंद असायचं" असं कुणी म्हणालं तर मी मान डोलवत नाही. आमच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर लोखंडी कपाटात असायचं खरं, किल्ली मुख्याध्यापकांकडे. पण आत लिहिलेलं काय? पहिलीत नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी बिनदिक्कत १ जून टाकायचे. आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे! (एक फायदा आहे म्हणा. खरी जन्मतारीख चोराच्या बापालाही सापडत नाही.) आणि कुलपाआड सगळं सुरक्षित असतं असंही नाही. माझ्याच नागपूर विद्यापीठात पैसे घेऊन गुण वाढवून दिल्याचा घोटाळा १९९९ साली बाहेर आला. तिथेही कुलपं होतीच की.

तरी तेव्हाची आणि आताची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा रजिस्टरात काय आहे ते पाहायला माणसाला चालत यावं लागायचं, कुणाला तरी विचारावं लागायचं. आता बोट लावलं की दोनशे मुलांचं घरदार दोनशे फोनांत जातं, आणि तिथून कुठे जातं ते कुणालाच सांगता येत नाही. परत गोळा करता येत नाही. आमच्या त्या पोराने यादी गटावरून पुसली, मनापासून पुसली. काय उपयोग?

हे काही आमच्या भागापुरतं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा ३० तारखेला होती, आणि आठवडाभर आधी ९४ हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रं टेलिग्रामवर फिरू लागली. पोरंच ती, कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली. तेव्हा सगळे एकच विचारत होते, पेपर फुटला का? आयोगाने सांगितलं, पेपर फुटलेला नाही. झालं, लोकांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला होता, भावकीतला एक मुलगा परीक्षेला होता. पण त्या ९४ हजार जणांची नावं आणि बैठक क्रमांक उघडे पडले त्याचं काय, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे पेपर फुटला तर बोंब होते, पोरं फुटली तर होत नाही. त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारच्या 'दीक्षा' अ‍ॅपची बातमी आली होती. सुमारे दहा लाख शिक्षकांची आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती संरक्षण नसलेल्या सर्व्हरवर उघडी राहिली होती. शिक्षकांचे फोन नंबरसुद्धा. आमच्या शाळेतल्या तरुण मॅडमना विचारलं, तुमचंही नाव असेल का त्यात? म्हणाल्या, "असेल. कोण पाहतंय?"

कोण पाहतंय ते आमच्या घरी रात्री अकरा वाजता कळतं.

कायदा नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं की पदवी प्रमाणपत्रावर आधार क्रमांक छापायचा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक बंधनं अंगाला लागायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, फुटली तर ज्याची आहे त्याला कळवायचं, दंड अडीचशे कोटींपर्यंत. कागदावर चांगलं आहे. पण कपाटाच्या दारावर पासवर्ड चिकटवलेल्या ऑफिसात अडीचशे कोटींचा आकडा कुणाला घाबरवणार? त्या पोराला कायद्याचं पुस्तक नको आहे. त्याला अर्ध्या दिवसाचं शिक्षण हवं आहे, जास्तीचा एक माणूस हवा आहे, आणि नको असलेले रकाने मुळात मागूच नयेत असं सांगणारा प्राचार्य हवा आहे.

इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. गुणवत्ता यादी लपवून कशी चालेल? मेडिकल-इंजिनीअरिंगच्या जागा कुणाला मिळाल्या, कोणत्या प्रवर्गातून मिळाल्या, हे सगळ्यांना दिसलंच पाहिजे. नाहीतर मागच्या दाराने कुणाची पोरं आत जातील हे मी सांगायला नको. उघडपणामुळेच गरिबाच्या पोराला जागा मिळते. म्हणून प्रवर्ग झाकायचा की नाही यावर माझं मन अजून ठरत नाही. पण मोबाइल नंबर, आईचं नाव, आधार, बँकेचं खातं, यांचा गुणवत्तेशी काय संबंध? ते यादीत येतात कारण ते पोर्टलमध्ये असतात, दुसरं काही कारण नाही.

गंमत पाहा, हेच ऑफिस मुलाला स्वतःचा टी.सी. द्यायला तीन चकरा मारायला लावतं. स्वतःची उत्तरपत्रिका पाहायला मिळावी म्हणून मुलांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०११ साली तो हक्क मान्य झाला. ज्याची माहिती त्याला दाखवायला टाळाटाळ, आणि बाकी गावाला मोकळी!

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिचा मुलगा मागे तावातावाने सांगत होता की फी आम्ही भरतो आणि कॉलेज आम्हालाच पोराचे मार्क सांगत नाही. तिकडे १९७४ पासून कायदा आहे, मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या माहितीचा मालक तोच. त्याच्या परवानगीवाचून सहसा आई-बापालाही सांगत नाहीत. हे मला पूर्ण पटलेलं नाही. आपल्याकडे पोरगा कॉलेजच्या नावाखाली कुठे बसतो हे बापाला कळलं पाहिजे, असं माझ्यातली मास्तरीण म्हणते. नात म्हणते, "आजी, मग तू माझ्या वह्या तपासणार का?" असो.

आपल्या अंगणातलंही सांगायला हवं. गावात ऑनलाइनवाल्याचं दुकान आहे. मुलगा चांगला आहे, मदत करतो. शिष्यवृत्ती, दाखले, परीक्षेचे फॉर्म, आणि २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला, तोही तिथेच. पोरं फॉर्म भरायला जातात आणि पासवर्ड त्यालाच ठेवायला सांगतात. त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे. नाव, मोबाइल, युजर आयडी, पासवर्ड. अर्ध्या गावाच्या पोरांच्या किल्ल्या त्या वहीत आहेत. टेबलाखालच्या खोक्यात बिघडलेल्या झेरॉक्स, म्हणजे आधार, जातीचे दाखले, मार्कशीटा. एकदा त्याच कागदाच्या पाठीमागे हिशोब करून त्याने मला दिला. उलटून पाहिलं तर शेजारच्या आळीतल्या पोरीचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, फोटोसकट! मी ते घरी आणून चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन सांगितलं. आता तो खराब झेरॉक्स फाडतो. वहीला मात्र कुलूप नाही अजून. मागे लागले आहे.

नातीचं काय झालं, हे विचारालच. मुलगा ऐकला, पण एकदम नाही. मी त्याला म्हटलं, "ज्याने चूक केली तो ऑफिसात बसला आहे, ज्याने फोन केले तो मोकळा फिरतो आहे, आणि घरात कोंडायची ती हिला?" त्याने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः तिला स्टँडवर सोडून आला. पोलिसात तक्रार दिली, पोच पावती आहे. रोज संध्याकाळी अजून विचारतो, "कुणाचा फोन आला होता?" ती "नाही" म्हणते. खरं सांगते की कसं, ते मी विचारत नाही.

नवीन नंबर घेतला आहे तिने. पण शिष्यवृत्तीला जुना नंबर, बँकेला जुना, आधारला जुना. ते बदलायला आणखी फॉर्म, आणखी झेरॉक्स, आणि तो ओटीपी पुन्हा जुन्याच नंबरवर येतो! एकेक करून बदलणं चालू आहे. तोवर जुनं सिम माझ्याकडे, मसाल्याच्या डब्याशेजारच्या छोट्या डबीत आहे. लागलं की माझ्या जुन्या फोनात घालते, ओटीपी लिहून घेते आणि काढून ठेवते. परवा घातलं तर दोन मिनिटांत घंटा वाजली. उचलला. पलीकडून कुणी तरी हसत "हॅलो" म्हणालं. मी माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "कोण आहेस रे तू? पूर्ण नाव सांग. वडिलांचं नाव सांग."

फोन ठेवला त्याने.